नाटकाच्या कागदाची किंमत कोणी ठरवायची?

(लासूर स्टेशन येथे वाचक व नाट्यरसिकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

जुन्या संगीत नाटकांची हँडबिले, पदांची पुस्तके, त्यांचा संग्रह आणि त्यांचे मूल्यमापन हा आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. ज्या गावात कांद्याचा भाव आणि कापसाचे माप हे रोजचे प्रश्न आहेत, त्या गावात पिवळ्या पडलेल्या कागदांची चर्चा कशासाठी, अशी शंका कोणी घेतली तर ती गैर म्हणता येणार नाही. परंतु कांद्याचा प्रश्न आणि या कागदांचा प्रश्न यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. वस्तू आपल्या घरात असते आणि तिची किंमत दुसराच कोणीतरी ठरवतो. कांद्याच्या बाबतीत हे आपल्याला कळते, म्हणून आपण निदान चिडतो तरी. जुन्या कागदांच्या बाबतीत ते कळतही नाही.

अलीकडे आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतून आणि निवृत्त शिक्षकांच्या घरांतून शहरातले खरेदीदार फिरू लागले आहेत. पेटी उघडली जाते. बालगंधर्वांचे छायाचित्र असलेला कागद बाजूला काढला जातो, त्याचे रोख पैसे दिले जातात आणि उरलेला गठ्ठा वजनावर रद्दीत जातो. घरच्या माणसांना वाटते, बरे झाले, अडगळ गेली आणि चार पैसेही मिळाले. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. मात्र त्या गठ्ठ्याबरोबर काय गेले, हे आपण समजून घेतले पाहिजे.

हे कागद आले कोठून? ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला आणि मराठी रंगभूमीवर एक नवे युग सुरू झाले. दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आले. त्यानंतर सुमारे अर्धशतक संगीत नाटक हेच महाराष्ट्रातील मध्यमवर्गाचे, आणि केवळ मध्यमवर्गाचे नव्हे तर गावोगावच्या कारागिरांचे, व्यापाऱ्यांचे व कारकुनांचेही सर्वांत मोठे करमणुकीचे साधन होते. नाटकमंडळी गावात उतरली की बाजारात हँडबिले वाटली जात. ती फुकट असत. नाटकगृहात मात्र पदांचे पुस्तक, म्हणजे पद्यावली, आण्या-दोन आण्यांना विकत मिळे. न्यूयॉर्कच्या नाटकगृहांतून १८८४ पासून निघणारे कार्यक्रमपत्रक प्रेक्षकाला फुकट मिळते आणि लंडनमध्ये ते विकत घ्यावे लागते, असे सांगतात. आपल्याकडे या दोन्ही रीती एकाच वेळी नांदत होत्या. बोलावणे फुकट होते, गाणे विकत होते.

ही पद्यावली कशासाठी लागे, हेही पाहण्यासारखे आहे. ‘सौभद्रा’त शंभराहून अधिक पदे आहेत. एका रात्रीत ती सारी ध्यानात राहणे शक्य नव्हते. पुस्तक घरी नेले की नाटकही घरी येई. घरात एक जण वाचता येणारा असला तरी पुरे. त्याने वाचावे आणि बाकीच्यांनी चालीवर म्हणावे. अक्षरओळख नसलेल्या कितीतरी बायकांना देवलांच्या ‘शारदे’तील पदे पाठ होती, ती अशाच मार्गाने. ‘शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आली आणि बालविवाहाला बंदी घालणारा कायदा १९२९ मध्ये झाला. या तीस वर्षांत जरठ-बाला विवाहाविरुद्ध लोकमत तयार करण्याचे काम सभांतील भाषणांनी किती केले आणि या स्वस्त पुस्तकांनी किती केले, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. तो मांडायचा झाला तर पुरावा म्हणून हेच कागद हाती घ्यावे लागतील.

आता आपल्या भागाकडे वळू. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी मीटरगेज रेल्वे १९०० साली सुरू झाली आणि लासूर गावाला लासूर स्टेशन हे दुसरे नाव व दुसरी वस्ती मिळाली. मनमाडला मोठी गाडी सोडायची आणि लहान गाडीत बसायचे, हा क्रम पुढे नव्वद वर्षे चालला. पलीकडे इंग्रजांचा मुलूख आणि अलीकडे निजामाचे राज्य. नाटकमंडळ्यांचे पडदे, पेट्या आणि बिऱ्हाड हे सारे रेल्वेनेच हलत असे आणि नाटक पाहून परतणारा प्रेक्षकही रेल्वेनेच येई. त्याच्या खिशातून जे हँडबिल मराठवाड्यात आले, ते नुसते नाटकाची आठवण म्हणून आले नाही. निजामी राज्यात सभा भरवायची तर ‘गश्ती निशान ५३’चा अडसर होता. सरकारी कारभार आणि वरचे शिक्षण यांची भाषा उर्दू होती. अशा काळात मोठ्या ठसठशीत देवनागरी अक्षरांत छापलेला मराठी कागद घरात जपून ठेवणे यालाही एक अर्थ होता. म्हणून मराठवाड्यातील घरात सापडलेले पत्रक आणि पुण्यातील घरात सापडलेले तेच पत्रक यांची किंमत मी एक धरणार नाही. कागद तोच असला तरी त्याचा प्रवास निराळा आहे.

मूल्यमापन या शब्दाने घाबरून जाण्याचे कारण नाही. ते शास्त्र आहे, पण लावणीच्या जमिनीची प्रत ओळखण्याइतकेच ते सोपे आणि तितकेच कठीण आहे. पहिला प्रश्न असतो काळाचा. बहुतेक हँडबिलांवर वार असतो, तारीख असते, पुष्कळदा तिथीही असते. नसते ते साल. उद्याच्या खेळाचे निमंत्रण देणाऱ्याला साल छापण्याची गरज वाटत नाही. समजा, पत्रकावर ‘रविवार, ता. १२ मार्च’ एवढेच आहे. १२ मार्चला रविवार १९०५, १९११, १९१६, १९२२ आणि १९३३ या सालांत आला. पत्रक खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चे असेल तर १९०५ आपोआप गळते, कारण ते नाटक रंगभूमीवर आले तेच मुळी १२ मार्च १९११ रोजी. आता तिथी पाहा. एखाद्या तारखेला तीच तिथी साधारणपणे एकोणीस वर्षांनीच पुन्हा येते. म्हणजे वार, तारीख आणि तिथी ही तिन्ही जुळणारे साल बहुधा एकच उरते. ज्याच्या घरी जुनी पंचांगे आहेत, त्याच्या घरी हे शास्त्र आधीच आहे.

दुसरा पुरावा पैशाचा. तिकिटाचे दर रुपये-आण्यांत असतील तर कागद १ एप्रिल १९५७ च्या आधीचा समजावा. ‘नये पैसे’ असे छापले असेल तर तो १९५७ ते १९६४ या सात वर्षांतला. ‘हाली’ असा उल्लेख असेल तर तो निजामी चलनाचा. फसली सन दिलेला असेल तर त्यात ५९० किंवा ५९१ मिळवावेत, शक असेल तर ७८. हैदराबादेत फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असे, म्हणून हा एका आकड्याचा फरक पडतो. मुंबई इलाख्यातील पत्रकावर करमणूक कराचा उल्लेख असेल तर तो कागद १९२३ नंतरचा, कारण तो कर त्या वर्षीच्या कायद्याने आला.

तिसरा पुरावा नावांचा. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये वारले. नारायणराव राजहंस किर्लोस्कर मंडळीत आले १९०५ साली आणि १९१३ मध्ये त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. केशवराव भोसल्यांनी ललितकलादर्श स्थापन केली १९०८ मध्ये. टिळक स्वराज्य फंडासाठी जुलै १९२१ मध्ये मुंबईत ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग झाला, बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांच्या या नायकांची नावे एकत्र असलेला कागद म्हणूनच दुर्मिळ आहे. पण त्याचे मोल दुर्मिळतेपेक्षाही मोठे आहे. दोन धंदेवाईक मंडळ्यांनी आपली चुरस बाजूला ठेवून स्वराज्याच्या निधीसाठी एका रंगमंचावर यावे, हा त्या काळाचा जो स्वभाव होता, त्याची ती पावती आहे.

चौथा पुरावा तळाच्या बारीक ओळीचा. १८६७ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात छापल्या जाणाऱ्या पुस्तकावर आणि कागदावर मुद्रकाचे नाव व छापण्याचे ठिकाण देणे सक्तीचे होते. २०२३ च्या नव्या कायद्याने तो जुना कायदा रद्द झाला. सरकारने ती ओळ मागितली होती छपाईवर नजर ठेवण्यासाठी. आज तीच ओळ आपल्याला छापखान्याचा पत्ता देते. पत्रक सुबक दिसावे म्हणून कित्येक जण कडा कापून चौकटीत बसवतात आणि नेमकी हीच ओळ कात्रीत जाते. कडा कापलेला कागद म्हणजे सातबारा हरवलेली जमीन.

अस्सल आणि नक्कल यांचा भेद हाताने कळतो. जुनी छपाई शिशाच्या खिळ्यांची. कागद उलटा करून बोटे फिरवली की अक्षरांचा दाब जाणवतो. १९८० मध्ये संगीत रंगभूमीची शताब्दी झाली, १९८८ मध्ये बालगंधर्वांची जन्मशताब्दी झाली. अशा निमित्तांनी निघणाऱ्या प्रतिकृती ऑफसेटच्या असतात. त्यांची पाठ सपाट असते, आणि भिंगातून पाहिले तर जुन्या कागदाचे डाग आणि घड्यासुद्धा ठिपक्यांनी छापलेल्या दिसतात. नक्कल बाळगणे हा गुन्हा नव्हे. ती अस्सल म्हणून विकणे हा गुन्हा आहे.

जपणुकीबद्दल थोडेच सांगतो. या कागदाचे पहिले शत्रू वाळवी, कसर आणि ओल हे आहेत. दुसरा शत्रू मात्र आपले प्रेम आहे. प्रेमाने लावलेली चिकटपट्टी काही वर्षांत तपकिरी होते आणि अक्षरे खाते. प्रेमाने केलेले लॅमिनेशन पुन्हा निघत नाही. खळीने वहीत चिकटवलेला कागद किड्यांना जेवायला वाढल्यासारखाच असतो. घडी उलगडावी, आम्लरहित कागदाच्या पाकिटात सपाट ठेवावा, ऊन लागू देऊ नये, वर पेन्सिलीनेसुद्धा काही लिहू नये. पण जुन्या मालकाने लिहिलेले असेल तर ते खोडू नये. पदाच्या कडेला कोणी ‘वन्समोअर’ची खूण केली असेल, तर त्या रात्री प्रेक्षकांनी कोणते पद पुन्हा म्हणायला लावले याची ती साक्ष आहे. बाजार अशा खुणेला डाग म्हणतो आणि किंमत उतरवतो. इतिहासाच्या बाजूने पाहिले तर तिने किंमत वाढायला हवी.

येथे आपण मूळ प्रश्नावर येतो. किंमत आणि मोल या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि बाजाराला फक्त पहिली कळते. बाजार कशाला किंमत देतो? प्रसिद्ध नावाला, देखण्या छायाचित्राला, कागदाच्या कोरेपणाला. म्हणून बालगंधर्वांचा कागद महाग. बालगंधर्वांच्या थोरवीबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या कागदावर काय नाही, हेही वाचायला शिकले पाहिजे. गायक नटाचे नाव मोठ्या टाइपात, नाटककाराचे त्याहून लहान टाइपात. पडदे ओढणारे, बत्त्या सांभाळणारे, चूल पेटवणारे, बैलगाडीतून सामान चढवणारे यांची नावे कोठेच नाहीत. खाली तिकिटांचे दर पाहा. खुर्चीपासून जमिनीवरच्या बैठकीपर्यंत समाजाची उतरंड तेथे रुपये-आण्यांत मांडलेली असते. ‘स्त्रियांची बसण्याची सोय स्वतंत्र’ ही ओळ पाहा. रंगमंचावर पुरुष स्त्रीच्या वेषात आणि प्रेक्षागृहात स्त्री पडद्याआड, अशी ती व्यवस्था होती. मग १९२९ च्या सुमारास हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका स्वतः रंगमंचावर येतात, १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे येतात, आणि पत्रकावर स्त्रियांची नावे त्यांच्या स्वतःच्या नावांनी छापली जाऊ लागतात. हा बदल समजावून सांगायला एरवी प्रबंध लागेल. दोन पत्रके शेजारी ठेवली तर तो एका नजरेत दिसतो. मात्र त्यासाठी दोन्ही पत्रके हवीत, देखणेही आणि सामान्यही. बाजार देखणे नेतो आणि दुसरे रद्दीत घालतो. तो नुसता कागद नेत नाही, तुलनाच नेतो.

याहून गंभीर गोष्ट सांगायची आहे. संगीताचा आणि नाट्याचा संसार नाटकगृहात संपत नव्हता. सत्यशोधकांचे जलसे होते. १९३० च्या दशकात शेजारच्या नाशिक जिल्ह्यात भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा वस्त्यांवस्त्यांतून गात होता. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लालबावटा कलापथक उभे केले. राष्ट्र सेवा दलाचे कलापथक होते. तमाशाचे फड होते, गणपतीचे मेळे होते. यांनीही पत्रके काढली, पदांच्या चोपड्या छापल्या. अगदी हलका कागद, छपाई एका रंगाची, किंमत पैसा-दोन पैसे, तीही जमली तर. हे कागद आज कोणत्या संग्रहात आहेत? फार थोड्या. ज्या घरांत ते होते त्या घरांना पक्के छप्पर नव्हते, लोखंडी पेटी नव्हती, पावसात काय वाचवायचे याची निवड करण्याइतकी उसंत नव्हती. म्हणजे कोणता कागद टिकला हेसुद्धा वर्गाने आणि जातीने ठरवले. पुढे जे टिकले त्यालाच आपण परंपरा म्हणू लागलो. म्हणून माझ्यापुढे गंधर्व मंडळीचे सुस्थितीतील हँडबिल आणि एखाद्या जलशाच्या चोपडीचे अर्धे फाटलेले पान अशी दोन्ही ठेवली, तर बाजारभाव काहीही असो, मी आधी ते अर्धे पान उचलीन. हँडबिलाची दुसरी प्रत कोठेतरी निघेल. त्या पानाची निघेलच याची हमी नाही.

यावर कोणी म्हणेल, सारे पटते, पण घर चालवायचे असते. मुलीची फी भरायची आहे, औषधाचा खर्च आहे, आणि दारात उभा राहिलेला माणूस रोख पैसे देतो आहे. इतिहासाच्या नावाने त्या कुटुंबाला त्यागाचे प्रवचन ऐकवणारा मी नव्हे. समाजाला जर एखादी वस्तू हवी असेल तर तिचा मोबदला समाजाने दिला पाहिजे, हे आपले तत्त्व जमिनीच्या बाबतीत खरे आणि कागदाच्या बाबतीतही खरे. प्रश्न एवढाच आहे की मोबदला देणारी यंत्रणा कोठे आहे?

कायदा थोडे साहाय्य करतो. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याप्रमाणे ऐतिहासिक अथवा वाङ्मयीन मोलाचा, ७५ वर्षांहून जुना दस्तऐवज पुरावस्तू ठरू शकतो. अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिच्या विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. पण कायदा सीमेवर उभा असतो. रद्दीच्या तराजूपाशी तो उभा नसतो. तेथे आपणच उभे राहिले पाहिजे.

दुसरे साधन आपल्या हाताशी आहे ते सार्वजनिक ग्रंथालयांचे. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळते. ते अपुरे आहे, वेळेवर मिळत नाही, ही ओरड जुनी आहे आणि खरी आहे. तरीही माझी मागणी आहे की या अनुदानात स्थानिक छापील कागद विकत घेण्यासाठी व जपण्यासाठी स्वतंत्र रक्कम असावी. ती लहान असली तरी चालेल, पण तिचा लेखाशीर्ष वेगळा असावा. पुण्यात भारत नाट्य संशोधन मंदिर आहे, मुंबई-ठाण्याला शतकाहून जुनी ग्रंथसंग्रहालये आहेत. त्यांच्याविषयी आदर बाळगूनही मी म्हणेन की मराठवाड्यातील कागद जपण्यासाठी प्रत्येक वेळी मनमाड ओलांडावे लागू नये. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठ आहे, त्यात नाट्यशास्त्राचे शिक्षण आहे. तेथील विद्यार्थ्यांनी उन्हाळ्याच्या सुटीत तालुक्यातालुक्यांतून हिंडून नोंदी केल्या तर ते काम पदवीच्या गुणांपेक्षा मोठे ठरेल.

आणि सरकारने काही करीपर्यंत आपण काय करायचे? तीन गोष्टी सुचवतो. पहिली, गावाची एक नोंदवही करावी. कोणाच्या घरी कोणता कागद आहे, त्यावर काय छापले आहे, तो घरात कसा आला, हे लिहून ठेवावे. कागद मालकाकडेच राहू द्यावा. दुसरी, प्रत्येक कागदाची दोन्ही बाजूंनी, कडांसह छायाचित्रे घ्यावीत. ज्या दूरध्वनीवर आपण दिवसभर नको ते पाहतो, त्याच दूरध्वनीने हे काम होते. लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयाने २०१७ मध्ये आपल्याकडील जुन्या नाट्यपत्रकांची छायाचित्रे लोकांपुढे ठेवली आणि त्यांवरील नाटकांची नावे व तारखा टिपण्यासाठी सामान्य लोकांनाच हाक दिली. जे काम तेथे घरबसल्या वाचकांनी केले, ते येथे दहावी झालेली मुलेमुली सहज करतील. तिसरी गोष्ट, विकायची वेळ आलीच तर गठ्ठा फोडू नये, आणि विकण्यापूर्वी किमान दोन जाणकारांना दाखवावा. ज्याला किंमत सांगायची आहे त्यालाच विकत घ्यायचे असेल, तर त्याचे मूल्यमापन हे मूल्यमापन नव्हे. तो सौदा आहे. बाजार समितीच्या आवारात उघड लिलाव व्हावा यासाठी शेतकऱ्यांनी जो लढा दिला, त्याचा धडा येथेही लागू आहे.

मित्रहो, संगीत नाटक हे गतवैभव म्हणून आळवण्याची एक रीत आपल्याकडे पडली आहे. त्या आळवण्यात रमण्यासाठी मी हे बोललो नाही. ज्यांनी आण्याचे तिकीट काढून जमिनीवर बसून ते नाटक ऐकले आणि दोन आण्यांचे पुस्तक कनवटीला लावून घरी नेले, त्यांनी ती रंगभूमी पोसली. त्यांची नावे कोणत्याच पत्रकावर नाहीत. त्यांनी जपलेला कागद एवढाच त्यांचा लेख आहे. तो तराजूत टाकण्यापूर्वी एकदा वाचावा, एवढीच माझी विनंती आहे. नोंदवहीचे पहिले पान आजच आखता येईल. त्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही.